निनावी संदेशाची वाटचाल

निनावी पत्राविषयी आपल्या समाजात फारसे चांगले मत नाही. जो आपले नाव लिहावयास धजत नाही त्याच्या मनात काही काळेबेरे असले पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. आणि पुष्कळदा ते खरेही असते. तथापि हे संपूर्ण सत्य नव्हे. १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रातून आपल्या समाजाचे दोष परखडपणे दाखविणारी पत्रे ‘लोकहितवादी’ या सहीने प्रसिद्ध होऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे त्याच समाजातील एक गृहस्थ, आणि शिवाय सरकारी नोकर. त्यांनी आपले नाव झाकले म्हणून त्यांचा मजकूर हलका ठरला नाही. आज ती शतपत्रे मराठी गद्याचे एक भूषण मानली जातात. सारांश, नाव झाकण्याची सोय वाईट माणसास हवी असते, तशीच ती चांगल्या माणसासही कधी कधी हवी असते.

आज पत्राचे पुष्कळसे काम इंटरनेटने उचलले आहे. तेथे निनावी राहणे फार सोपे आहे, असा अनेकांचा समज असतो. खोटे नाव घेतले, स्वतःच्या छायाचित्राच्या जागी एखाद्या फुलाचे चित्र लावले, की आपण अदृश्य झालो! वस्तुस्थिती अगदी उलट आहे. इंटरनेटवर खरोखर निनावी राहण्याची विद्या निर्माण करण्यास थोर गणितज्ञांस व संगणकशास्त्रज्ञांस अनेक वर्षे खर्ची घालावी लागली, आणि ती विद्या अद्यापही पूर्णत्वास गेलेली नाही. ती कशी जन्मली, कोणत्या तत्त्वावर चालते आणि पुढे तिचे काय होण्याचा संभव आहे, हे या लेखात आम्ही सांगण्याचा यत्न करणार आहोत.

प्रथम अडचण काय आहे ते पाहू. इंटरनेटवरून जाणारा प्रत्येक मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. त्यांस पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटाप्रमाणेच पॅकेटावर ते कोठून निघाले आणि कोठे जावयाचे आहे, हे दोन्ही पत्ते असतात. नाहीतर ते पोचणार कसे आणि त्याचे उत्तर येणार कसे? आतील मजकूर कूटलिपीत लिहिला तर वाटेतील माणसास तो वाचता येत नाही. परंतु बाहेरचे दोन पत्ते त्यास वाचता येतातच, आणि पुष्कळदा तेवढे पुरते. समजा, एका कचेरीतील कारकुनाने लागोपाठ तीन दिवस एका वृत्तपत्राच्या बातमीदारास संदेश पाठविले आणि चौथ्या दिवशी त्या कचेरीतील गैरव्यवहार छापून आला. मग त्या संदेशांत काय लिहिले होते हे वाचण्याची वरिष्ठांस गरजच काय? म्हणजे केवळ मजकूर लपवून भागत नाही. ‘कोण कोणाशी बोलतो’ हेही लपवावे लागते.

या प्रश्नाचा पहिला समर्थ विचार अमेरिकेतील बर्कली येथे संशोधन करणाऱ्या डेव्हिड चॉम या तरुण शास्त्रज्ञाने केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने एक युक्ती सुचविली. संदेश सरळ इष्टस्थळी न पाठविता मध्ये एका संगणकाकडे पाठवावा. त्या संगणकाने पुष्कळ लोकांचे संदेश जमेपर्यंत थांबावे. सर्वांचे आकारमान सारखे ठेवावे. प्रत्येकाचे बाहेरचे कूटवेष्टन काढावे. आणि मग त्यांचा क्रम बदलून ते सारे एकदम पुढे धाडावे. आत शिरलेला कोणता संदेश बाहेर कोणत्या रूपात आला, हे पाहणाऱ्यास कळू नये, असा हेतू. या संगणकास त्याने ‘मिक्स’, म्हणजे मिसळणारा, असे नाव दिले. एकाच मिक्सवर विसंबू नये म्हणून अशा अनेक मिक्सांची साखळी करावी, म्हणजे त्यांतील एक जरी प्रामाणिक असला तरी गुप्तता टिकेल, असेही त्याने दाखविले. पुढील सर्व प्रगतीचे बीज या एका निबंधात आहे.

परंतु व्यवहारात प्रथम लोकप्रिय झाली ती याहून पुष्कळ साधी पद्धत. १९९३ साली फिनलंडमधील योहान हेल्सिंगिअस या गृहस्थाने एक सेवा सुरू केली. त्याच्याकडे पत्र पाठविले की त्याचा संगणक पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता पुसून त्याजागी एक क्रमांक घालीत असे आणि पत्र पुढे रवाना करीत असे. उत्तर आले की त्या क्रमांकावरून ते मूळ माणसाकडे परत जाई. लाखो लोकांनी या सेवेचा लाभ घेतला. मात्र उत्तरे परत पाठविता यावीत म्हणून कोणता क्रमांक कोणाचा याची एक यादी त्या संगणकात ठेवणे भाग होते, आणि तेच या सेवेचे मर्मस्थान ठरले. १९९५ साली पोलिसांच्या मागणीवरून हेल्सिंगिअस यांस एका वापरकर्त्याचा पत्ता उघड करावा लागला. १९९६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाकडून पुन्हा तशीच आज्ञा झाल्यावर त्यांनी ती सेवाच बंद करून टाकली. हा गृहस्थ प्रामाणिक होता, निर्लोभी होता; तरीही त्याच्या हाती सर्वांची गुपिते एकत्र होती, एवढे एकच कारण ती सेवा मोडण्यास पुरेसे झाले.

हा धडा आजही उपयोगी पडणारा आहे. व्हीपीएन नावाची जी सेवा हल्ली पुष्कळजण पैसे देऊन घेतात तिची रचना तत्त्वतः अशीच असते. आपला सारा व्यवहार एका कंपनीच्या संगणकातून जातो. बाहेरच्या जगास आपला पत्ता दिसत नाही, परंतु त्या कंपनीस तो दिसतो. आपल्या देशात एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने अशा कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी माहिती पाच वर्षे जपून ठेवावी, असा आदेश काढला. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले संगणक काढून घेतले. आदेश योग्य की अयोग्य, या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचा मुद्दा एवढाच की जेथे एकाच्या हाती सर्व माहिती आहे तेथे आपली गुप्तता ही त्या एकाच्या इच्छेवर आणि त्याच्यावर चालणाऱ्या कायद्यावर अवलंबून राहते.

मग माहिती कोणा एकाच्या हाती पडूच नये अशी व्यवस्था करता येईल काय? अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हरसन या तिघांनी हाच प्रश्न हाती घेतला. चॉमच्या पद्धतीत संदेश जमेपर्यंत थांबावे लागे. पत्रास ते चालते, परंतु पडद्यावर पाने चाळणाऱ्यास असा विलंब कसा चालणार? म्हणून त्यांनी थांबण्याचे सोडून दिले आणि साखळी व वेष्टने तेवढी ठेवली. या पद्धतीस त्यांनी ‘अनियन राउटिंग’ म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखी मार्गयोजना असे नाव दिले.

तिची रचना समजण्यास कठीण नाही. समजा, पाठविणाऱ्याने वाटेवरच्या तीन चौक्या निवडल्या. चौकी म्हणजे कोणा स्वयंसेवकाने या कामासाठी चालू ठेवलेला संगणक. पाठविणारा आपला मजकूर तीन वेष्टनांत गुंडाळतो. प्रत्येक वेष्टन उघडण्याची किल्ली एकेका चौकीजवळच असते. पहिली चौकी बाहेरचे वेष्टन काढते. तेव्हा तिला दुसऱ्या चौकीचा पत्ता मिळतो, अधिक काही नाही. दुसरी चौकी आपले वेष्टन काढून तो तिसरीकडे देते. तिसरी चौकी शेवटचे वेष्टन काढून मजकूर इष्टस्थळी पोचविते. उत्तर याच वाटेने उलट येते. येताना प्रत्येक चौकी एकेक वेष्टन चढविते आणि ती तिन्ही वेष्टने अखेरीस मूळ मनुष्य काढतो. आता कोणास काय ठाऊक झाले ते पाहा. पहिल्या चौकीस पाठविणारा माहीत आहे, परंतु तो कोणाकडे चालला आहे हे माहीत नाही. तिसरीस इष्टस्थळ माहीत आहे, परंतु पाठविणारा माहीत नाही. मधलीस दोन्ही माहीत नाहीत. एखाद्या चौकीवाल्यास धमकावून विचारले तरी त्याजवळ सांगण्यासारखे पुरते काहीच नसते. फिनलंडच्या त्या सेवेतील दोष येथे मुळापासून काढला गेला.

या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. नौदलास हे साधन आपल्या हेरांसाठी व अधिकाऱ्यांसाठी हवे होते. मग ते त्यांनी सर्व जगास फुकट का देऊन टाकले? याचे उत्तर असे की केवळ नौदलाने ते वापरले असते तर त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. त्या चौक्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश नौदलाचाच, हे कोणीही ओळखले असते. आषाढीच्या वारीत पांढरा सदरा, डोक्यास टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ, अशी लाखो माणसे चालतात. त्यांतून एकट्यास ओळखून काढणे कठीण. परंतु तोच मनुष्य त्याच वेशात एरवीच्या एखाद्या दुपारी टाळ वाजवीत एकटाच रस्त्याने निघाला, तर गावोगावची माणसे त्याचे नावगाव विचारतील. अनामिकता ही एकट्याने मिळविण्याची वस्तूच नव्हे. ती समुदायाकडून मिळते. म्हणून हेरास विद्यार्थ्याची गरज, विद्यार्थ्यास बातमीदाराची गरज आणि त्या सर्वांस, ज्यांस लपविण्यासारखे काहीच नाही अशा सामान्य माणसांची गरज असते.

याच विचाराने रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन या दोन तरुणांनी सिव्हरसन यांच्याबरोबर नवी आवृत्ती तयार केली. तिचे नाव टॉर. ऑक्टोबर २००२ मध्ये तिचे जाळे सुरू झाले आणि तिची आज्ञावली कोणासही पाहता व बदलता यावी अशी खुली ठेवण्यात आली. २००३ च्या अखेरीस या जाळ्यात जेमतेम डझनभर चौक्या होत्या, आणि त्या बहुतेक अमेरिकेत होत्या. २००६ साली हे कार्य चालविण्यासाठी एक ना-नफा संस्था स्थापन झाली. २००८ पासून सामान्य माणसास सहज वापरता येईल असा टॉर ब्राउझर तयार करण्याचे काम सुरू झाले. आज जगभर स्वयंसेवकांच्या हजारो चौक्या आहेत आणि रोज लाखो लोक हे जाळे वापरतात. विशेष म्हणजे त्याचा पुष्कळसा खर्च अमेरिकन सरकारच्याच निरनिराळ्या खात्यांनी उचललेला आहे. आणि त्याच सरकारच्या हेरखात्याने हे जाळे भेदण्याचे प्रयत्नही केले आहेत. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन याने बाहेर आणलेल्या कागदांत, सर्व वापरकर्त्यांची ओळख सर्व काळ पटविणे आपणांस कधीच शक्य होणार नाही, अशी त्या खात्याची कबुली होती.

टॉरमध्ये केवळ वाचकच नव्हे, तर संकेतस्थळही आपला ठावठिकाणा लपवू शकते. या सोयीचा उपयोग दोन्ही प्रकारांनी झाला. वृत्तपत्रांनी आपल्या खबर देणाऱ्यांसाठी अशी गुप्त पेटी ठेवली. बीबीसीने २०१९ साली, जेथे तिच्या बातम्या अडविल्या जातात त्या देशांतील वाचकांसाठी, टॉरवर आपले दालन उघडले. उलटपक्षी २०११ साली ‘सिल्क रोड’ नावाचा मादक पदार्थांचा बाजारही याच सोयीच्या आश्रयाने उभा राहिला. २०१३ साली त्याच्या चालकास अटक झाली. तेथवर पोचविणाऱ्या धाग्यांपैकी एक असा की आरंभीच्या दिवसांत त्याने एका जाहीर चर्चेत स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता दिला होता. गणित फसले नव्हते. मनुष्य फसला होता. गुन्हेगारांस हे जाळे उपयोगी पडते, ही गोष्ट आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु गुन्हेगारांस वगळून केवळ सज्जनांस दिसेनासे करणारी चौकी कोणास बांधता आलेली नाही. कारण चौकी माणूस ओळखत नाही, हाच तर तिचा गुण.

या जाळ्याच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरच्या साहाय्याने बाँबची खोटी धमकी पाठविली. पत्रे टॉरमधून आली हे तपास करणाऱ्यांस समजले. आणि विद्यापीठाच्या जाळ्यावरून त्या सुमारास टॉरशी कोण जोडले गेले होते याची नोंद होती. विचारपूस होताच त्याने कबुली दिली. वारीत नसताना वारकऱ्याचा वेश करणाऱ्याची गत त्याची झाली. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. टॉर संदेश थांबवून ठेवीत नाही. म्हणून जो पहिल्या चौकीपूर्वीचा आणि तिसऱ्या चौकीनंतरचा असे दोन्ही रस्ते एकाच वेळी पाहू शकतो, त्यास वेळेचा व आकाराचा मेळ घालून दोन टोके जुळविता येतात. २०१४ साली ३० जानेवारीपासून ४ जुलैपर्यंत काही चौक्या अशाच उद्देशाने जाळ्यात शिरल्या होत्या. त्या उघडकीस आल्यावर काढून टाकण्यात आल्या. याच धोक्यामुळे टॉर आपली पहिली चौकी वारंवार न बदलता दीर्घकाळ तीच ठेवतो. वारंवार बदलल्यास कधीतरी दोन्ही टोकांस शत्रूच्याच चौक्या येण्याचा संभव वाढतो.

अनेक राज्यकर्त्यांस हे जाळे मुळातच नको असते. टॉरच्या चौक्यांची यादी जाहीर असल्यामुळे ती घेऊन त्या सर्वांकडे जाणारे रस्ते बंद करणे सोपे. चीनने हे केव्हाच केले. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये केले. त्यावर उपाय म्हणून यादीत नसलेल्या गुप्त चौक्या निघाल्या. त्यांस ‘ब्रिज’ म्हणजे पूल म्हणतात. पुढे ‘स्नोफ्लेक’ नावाची युक्ती आली. हिमाचा कण जसा क्षणात येतो आणि विरून जातो तशी ही चौकी असते: एखादा स्वयंसेवक आपल्या घरच्या ब्राउझरमधून ती काही वेळ चालवितो, आणि तिच्यातून जाणारा व्यवहार बाहेरून पाहणाऱ्यास दूरदृश्य संभाषणासारखा भासतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इराणात जनक्षोभ उसळून सरकारने नेहमीची साधने अडविली, तेव्हा तेथील असंख्य लोकांनी या वाटेचा आश्रय घेतला. परंतु सरकारने सारे इंटरनेटच बंद केले तर कोणताही पूल उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता भविष्याकडे वळू. २०१८ साली काही संशोधकांनी गणिताने असे दाखविले की बळकट अनामिकता, जलद वेग आणि थोडा खर्च या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळविता येत नाहीत. दोन घेतल्या तर तिसरी सोडावी लागते. टॉरने वेग व अल्प खर्च निवडले, म्हणून त्याची अनामिकता काहीशी उणी पडते. याच्या उलट दिशेने जाणाऱ्या रचनाही निघाल्या आहेत. २०१७ साली मांडल्या गेलेल्या ‘लूपिक्स’ या योजनेत प्रत्येक संदेश वाटेत थोडा थोडा थांबविला जातो, आणि माणूस गप्प असतानाही त्याचा संगणक पोकळ संदेश पाठवीतच राहतो, म्हणजे तो केव्हा बोलला हेदेखील कळू नये. चॉमचा १९८१ चा विचार असा नव्या वेशात परत येत आहे. दुसरीकडे, क्वांटम संगणक प्रबळ झाले तर आजची काही कुटे फुटतील, अशी भीती आहे. आज साठवून ठेवलेले संदेश उद्या वाचले जाऊ नयेत म्हणून नव्या प्रकारची कूटपद्धती बसविण्याचे काम आतापासूनच सुरू झाले आहे. टॉरची जुनी आज्ञावलीही रस्ट नावाच्या अधिक सुरक्षित भाषेत नव्याने लिहिली जात आहे.

परंतु यंत्रे कितीही सुधारली तरी या विद्येचे भवितव्य अखेरीस माणसांच्या संख्येवर ठरणार, असे आम्हांस वाटते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. हा हक्क कागदावर राहावयाचा नसेल तर सामान्य नागरिकाने तो सामान्य कामांसाठी वापरला पाहिजे. सज्जनांनी हे साधन केवळ बदनामीच्या भीतीने सोडून दिले, तर तेथे गुन्हेगार तेवढे उरतील; आणि ज्या दिवशी एखाद्या प्रामाणिक कारकुनास खरोखर सत्य सांगावयाचे असेल, त्या दिवशी त्यास लपावयास गर्दीच मिळणार नाही.

आमच्या विद्यार्थी वाचकांस जाता जाता एवढेच सांगावयाचे आहे. वर्गातील एखाद्या मुलाची वा मुलीची टवाळी करण्यासाठी खोट्या नावाआड दडणे, हा भ्याडपणा होय. ज्या गोष्टीखाली आपली सही करता येईल तिच्याखाली ती अवश्य करावी. परंतु ज्यास सही केल्यास नोकरी, स्वातंत्र्य वा प्राण गमवावे लागतील, अशा मनुष्याचे नाव जाणण्याचा हट्ट आपण धरू नये. त्याने काय सांगितले ते पाहावे, ते खरे की खोटे याची शहानिशा करावी, आणि त्याच्या नावावरचे वेष्टन तसेच राहू द्यावे.